पैजेतली काठी

गेल्या वर्षीचा दोन जून. रक्कम पाचशे रुपये. हजर तुम्ही, मी, आणि साक्षीदार म्हणून हे. जागा आपल्या स्वयंपाकघराचा ओटा. त्या ओट्याची कड धरून तुम्ही टाचा वर उचलत होतात आणि खाली टेकवत होतात, आणि मी कणीक मळता मळता तुमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

पैज अशी होती. रोवण्याच्या पहिल्या दिवशी तुम्ही बांधीत उतराल, पाठ न वाकवता एक गुडघा चिखलात टेकाल, पहिली मूठ रोवाल आणि कोणाचाही हात न धरता उठाल. उठलात, तर जिवंत आहात तोवर पहिली मूठ तुमची, आणि मी पाचशे रुपये घेऊन ब्रह्मपुरीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे जायचं, तुमच्यासोबत म्हणून नाही, माझ्या स्वतःच्या नावाने. नाही उठलात, तर पाचशे मला, मूठही मला, आणि तुम्ही पुढे कायमचं धुऱ्यावर, शेताच्या कडेला, खुर्ची टाकून बसायचं.

बाई, तुमची तेरवी परवा झाली. पैजेचा निकाल तुम्ही गेलात तोवर लागलेला नव्हता. सात महिने आपण एकाच घरात, एकाच चुलीवर, हा एक वाद घेऊन राहिलो, आणि तुम्ही तो अर्धवट टाकून निघून गेलात. मला हिशेब अर्धवट ठेवलेला चालत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं?

हे आणखी कोणी वाचलं तर त्यांना कळावं म्हणून आपल्या घरची रीत सांगते. आपल्याकडे रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होताना पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पहिली मूठ घरची मोठी सून चिखलात लावते. मग रोवणाऱ्या बायांची रांग बांधीत, चिखल केलेल्या त्या वाफ्यात, उतरते. तुम्ही मोठी सून, मी लहान. तुम्ही मला नावाने कधी हाक मारलीच नाही. पहिल्या दिवसापासून मी 'लहानी', आता माझे केस पिकले तरी. पहिली मूठ तुम्ही नव्या नवरीच्या हिरव्या चुड्याने रोवली होतीत आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं कोणाला दिली नाहीत. भासरे, तुमचे यजमान, गेले त्या वर्षीसुद्धा दिली नाहीत. मला ती हवी होती असंही नाही. पण ती तुमची आहे आणि राहणार, एवढं या घरात सगळ्यांना पाठ होतं.

तर या सगळ्या भानगडीची सुरुवात शाळेच्या मैदानावर झाली. तिथे सकाळी बायांचा व्यायामाचा वर्ग भरायचा. एक हौशी शिक्षक शिट्टी वाजवायचे आणि सगळ्यांना कमरेतून वाकून पायाची बोटं धरायला लावायचे. तिशीतल्या सुनांचे हात गुडघ्यापर्यंत जाऊन थांबायचे, आणि तुमचे सरळ जमिनीला. वय सासष्ट. टाळ्या वाजायच्या. तुम्ही घरी येऊन मला रोज सांगायचात की त्या पोरींच्या कमरेत गंज चढला आहे. जिने सारं आयुष्य बांधीत वाकून काढलं तिला पायाचा अंगठा धरणं म्हणजे काय? मी म्हणायची, बाई, या वयात जरा सांभाळून. तुम्ही म्हणायच्या, वाकते म्हणून तर टिकले.

मग एके सकाळी वाकून तशाच एका बाजूला वळलात आणि पाठीत काहीतरी झालं. तुम्ही त्याला वात म्हणालात. शेजारच्या म्हणाल्या लचक. मोहरीचं तेल, निर्गुडीचा पाला, गरम विटेचा शेक, सगळं झालं. दुखणं थोडं कमी झालं की तुम्ही पुन्हा मैदानावर हजर. मी किती डोकं आपटलं! तुम्ही ऐकाल तर ना. शेवटी मला दिसलं ते वेगळंच. तुमच्या साडीचा काठ जमिनीवर लोळायला लागला होता. तिखटाचा डबा ठेवतो ती वरची फळी, जिच्यावर तुमचा हात सहज पोचायचा, तिच्यासाठी तुम्ही मला हाक मारू लागलात. माणूस म्हातारपणी वाकतं हे ठीक, पण एका उन्हाळ्यात एवढं? मी यांना म्हटलं, बाई उंचीने कमी झाल्या आहेत. हे म्हणाले, तुला काहीही दिसतं. मग मीच तुम्हाला ओढून ब्रह्मपुरीला नेलं.

एक्स-रेत मणका चेपलेला निघाला. पुढे हाडांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की हाडं ठिसूळ झाली आहेत. गोळ्या, इंजेक्शन, सगळं लिहून दिलं. मग त्यांनी विचारलं, वाकून काम करता का? तुम्ही तोंड वर करून म्हणालात, नाई. जड काम? नाई. डॉक्टरांनी लिहून घेतलं. परतीच्या जीपमध्ये मी तुम्हाला विचारलं, बाई, पन्नासेक वर्षं तुम्ही रोवणा काय उभ्याने केलात? तुम्ही मलाच वेड्यात काढलंत.

"तो का वाकनं होय वं लहाने? तो तं रोवना होय."

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी अबोला धरलात. घरची गोष्ट बाहेर सांगितली म्हणे. जणू आपल्या भागात रोवणा चोरून करतात.

बरं, एवढं वाकणारी बाई आता निदान बेताने हलेल की नाही? छे. तुम्हाला अधलंमधलं काही जमतच नव्हतं. गावातल्या जाणत्या बाया भेटायला आल्या आणि प्रत्येकीने एकच सांगितलं, हाडं काचेची झाली, आता हलू नका. झालं. कालपर्यंत अंगठे धरणाऱ्या तुम्ही आज पाण्याचा पेला उचलेनात. खाटेवरून न्हाणीपर्यंत जायचं तर माझा खांदा. डॉक्टर म्हणाले होते की दुखणं ओसरलं की उठायचं, हळूहळू चालायचं. मी रोज आठवण करायची. तुम्ही डोळे मिटून पडायच्या. पाय काड्यांसारखे झाले. त्या पावसाळ्यात रोवणा आला आणि पहिली मूठ मी रोवली, कारण दुसरं कोणी नव्हतं.

तुम्हाला यांनी खुर्चीत बसवून धुऱ्यावर आणलं होतं. मी मूठ लावली, मागे वळून पाहिलं. तुम्ही एवढंच म्हणालात की तिरपी लागली. नंतर दोन वेळचं जेवण तुम्ही धड केलं नाहीत. मला राग आला, खूप आला. कारण मूठ सरळ होती, रोवणाऱ्या बायांच्या म्होरक्या यमुनाबाईला विचारा. पण रात्री मी ताट उचलताना तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात की पुढल्या साली मीच रोवीन. मी मनात म्हटलं, आधी न्हाणीपर्यंत तर जा. मोठ्याने बोलले नाही. बोलायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

डॉक्टरांनीच मग फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. आपल्या मुलीच्या वयाच्या. तिने एक्स-रे पाहिला, तुम्हाला उभं केलं, चालवलं, भिंतीला पाठ लावून डोकं मागे टेकतं का ते पाहिलं. टेकत नव्हतं. मग तिने आपल्या दोघींना सांगितलं की मैदानावरचं वाकणंही चूक आणि खाटेवरचं पडून राहणंही चूक. हाडाला भार हवा, भार मिळाला नाही तर ते आणखी विरळ होतं. पण भार सरळ उभ्या अंगातून यायला हवा. पाठ पुढे गोल केली, त्यात पिळा दिला, की मणक्याची पुढची कड चेपते. नुसतं चालणं चांगलं, पण तेवढं पुरत नाही. पाय, कंबर आणि पाठीचे स्नायू मजबूत हवेत, तोल सांभाळता यायला हवा, कारण अशा माणसाला पडणं परवडत नाही. आणि हेही म्हणाली की हे तुमच्यासाठी आहे, तुमचा मणका पाहून सांगितलेलं. शेजारणीला परस्पर शिकवू नका. पाठीत नवीन कळ आली तर थांबायचं आणि फोन करायचा.

मला ते लगेच पटलं. राइस मिलच्या गोदामात पोत्यांची थप्पी सरळ लावली तर छतापर्यंत उभी राहते. एकदा का पुढे झुकली की सगळ्यात खालच्या पोत्याची पुढची शिवण उसवते. वर्षानुवर्षं आपलं धान तिथे जातं, तुम्हीही पाहिलं आहे. मी तुम्हाला हेच उदाहरण दिलं. तुम्ही म्हणालात, मी का पोतं होय?

पहिला व्यायाम होता खुर्चीतून हात न टेकता उठायचा. तुम्ही त्या मुलीकडे असं पाहिलंत की जणू तिने तुम्हाला जेवायला शिकवलं. हा काय व्यायाम होय? मग उठायला गेलात आणि उठता आलं नाही. पुन्हा प्रयत्न केलात. नाही. चेहरा लाल झाला तुमचा. मग आपल्या मोठ्या सुनेच्या आवाजात निकाल दिलात.

"खुर्चीच बुटकी हाय."

घरी आलो तर घरच्या खुर्च्याही बुटक्या निघाल्या. आठवडाभर तुम्ही खुर्च्या बदलत होतात. शेजाऱ्यांकडची सागवानी आणली, तीही बुटकी. शेवटी मी खुर्चीवर जाड गादी घालून उंच केली, तेव्हा कुठे कसंबसं उठलात. मग दर थोड्या दिवसांनी गादी पातळ करत गेलो. गादीशिवाय उठलात त्या दिवशी तुम्ही मला नव्हे, खुर्चीला म्हणालात, काऊन, आली न ठिकाणावर?

मी तुम्हाला सांगते बाई, तुम्ही खाटेवर पडून होतात तेव्हा माझा जेवढा जीव खाल्ला नाहीत तेवढा तुम्ही सुधारायला लागल्यावर खाल्लात. मॅडमनी हातात हलकं वजन घ्यायला सांगितलं. मी जुन्या ब्लाउजपिसाच्या दोन पिशव्या शिवल्या, अर्धा अर्धा किलो तांदूळ भरायचं ठरलं. मी म्हटलं कणी भरू. तुम्हाला चांगलाच तांदूळ हवा. का? तर कणीत जोर नसतो. काट्यावर अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो, हे मी तुम्हाला किती परीने समजावलं! पुढे एकदा त्या पिशव्या उन्हात घालायला उचलल्या तर हाताला जड लागल्या. काट्यावर टाकल्या. एकेक किलोच्या वर. तुम्ही उसवून, भरून, परत शिवून ठेवल्या होत्या, तेही माझ्याच सुईने. मी ओरडले. वजन वाढवायचं तर मॅडमला विचारून, खांदे मागे ठेवून, पाठ सरळ राहते की नाही ते पाहून. तुम्ही म्हणालात की पेंड्यांचे भारे डोक्यावर वाहिले तेव्हा कोणत्या मॅडमला विचारलं होतं? मी म्हटलं, म्हणूनच आज इथे बसलो आहोत.

आणि जीप. ब्रह्मपुरीची काळी-पिवळी. मागच्या बाकावर खड्ड्यागणिक पाठ आपटते म्हणून मी पुढची जागा धरून ठेवायची, त्यासाठी एक जीप सोडून द्यायची. तुम्हाला ती पुढची जागा ड्रायव्हरच्या शेजारी म्हणून लाजिरवाणी वाटायची. साठी उलटलेल्या बाईला! कितीदा तुम्ही मागे जाऊन बसलात आणि कितीदा मी तुम्हाला खाली उतरवलं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एवढी एकच गोष्ट मी मोजली नाही.

पण तुम्ही चिकाटीने करत राहिलात, हे खोटं कसं म्हणू? सकाळी खाटेवरून उठताना सरळ उसळून न बसता आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटून बसायचं. हे तुम्ही एकदाही चुकवलं नाहीत. भिंतीला पाठ लावून उभं राहायचात, आणि एक दिवस डोकं भिंतीला टेकलं. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहायचात, आणि तेव्हा कोणी स्वयंपाकघरात आलं की त्याला हाताने थांबवायचात, जसं काही आरती चालली आहे. झाडणी लांब दांड्याची आणली. खालचं उचलायचं तर कंबर मागे नेऊन, गुडघे वाकवून. एक गुडघा टेकून परत उठणं सगळ्यात शेवटी आलं. मॅडमना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मला बांधीत एक मूठ रोवायची आहे, बाकी काही नको. ती हसली नाही. म्हणाली, दिवसभराचा रोवणा नाही, पण एक मूठ, गुडघ्यावर, पाठ सरळ ठेवून, काठी सोबत घेऊन, तर तयारी करू. त्यानंतरच तुम्ही तिचं ऐकायला लागलात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आणि मग मीही मॅडमकडे जावं म्हणून तुम्ही माझ्या मागे लागलात. हे मला खरंच असह्य झालं होतं. तीन वर्षांपूर्वी मोरीत घसरून माझं मनगट मोडलं होतं, ते तुम्ही उकरून काढलंत.

"पाय तं साऱ्यायचाच घसरते. साऱ्यायचं मोडते का? तुयं काऊन मोडलं?"

मी म्हटलं, फरशी ओली होती. तुम्ही म्हणालात, फरशी माझ्यासाठीही ओलीच असते. मी म्हटलं, मला वेळ नाही. घर, धान, मजुरी, बँक, तुमच्या गोळ्या, तुमची जीप, तुमचे तांदूळ, हे सगळं कोण बघतं? धान विकलं की जाईन. धान विकून झालं. मग मी म्हटलं, होळी झाली की जाईन. त्या दोन जूनला तुम्ही टाचा उचलता उचलता थांबलात आणि पैज लावलीत. मी लगेच हो म्हटलं, कारण मला वाटलं की तुम्ही हरणार. हिशेबाने तुम्ही हरायलाच हव्या होतात. घरच्या फरशीवर गुडघा टेकून उठताना तुमचे पाय थरथरत होते, आणि चिखल तर पाय ओढून धरतो.

रोवण्याचा पहिला दिवस. यमुनाबाई आणि तिच्या सगळ्या बाया धुऱ्यावर ओळीने उभ्या. हे बांधाच्या पलीकडे. तुम्ही बांबूची काठी घेऊन उतरलात. मी तुमच्या मागे हाताच्या अंतरावर, कारण पैज असली तरी मला तुम्हाला पडू द्यायचं नव्हतं. तुम्ही काठी रोवलीत, एक पाय मागे नेलात, गुडघा चिखलात गेला. पाठ सरळ, जणू मागे भिंत आहे. पऱ्ह्यांची मूठ घेतलीत आणि लावलीत. ती सरळ लागली, हे मी मान्य करते. मग तुम्ही थांबलात. इतका वेळ थांबलात की यमुनाबाईने पाय पुढे टाकला आणि मी तिला हाताने अडवलं. तुम्ही पुढचा पाय चिखलातून थोडा हलवून घेतलात, दोन्ही हातांनी काठी धरलीत आणि उठलात.

बाया ओरडल्या, हसल्या. यमुनाबाई म्हणाली, उठली वं बाई, आता कोणाला ऐकत नाही ही. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, काठी धरली.

तुम्ही पिंढरीभर चिखलात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात.

"हात कोनाचा धरला मी? नाव सांग त्याचं."

मी म्हटलं, पैज आधाराशिवाय उठायची होती. तुम्ही म्हणालात, पैज हाताशिवाय उठायची होती, आणि काठी म्हणजे हात नव्हे. मी म्हटलं, दोन्ही हातांनी धरलीत ती काठी. तुम्ही म्हणालात, मॅडमनीच दिली ती, तिला विचार. मी साक्षीदाराकडे पाहिलं. साक्षीदार म्हणाले की आपण त्या वेळी म्हशीकडे पाहत होतो, ती दुसऱ्याच्या बांधीत शिरत होती. म्हैस घरी बांधलेली होती. बायांची रांग उतरायची खोळंबली होती, म्हणून वाद तिथेच सोडला. तिथे सोडला तो घरी आला, आणि घरी राहिला.

त्या हिवाळ्यात वडशाजवळच्या गावात नाटक लागलं. तुम्हाला खाली ताडपत्रीवर बसायचं होतं, तुमच्या मैत्रिणींत. मी खुर्चीचं तिकीट काढलं. त्यावरून जातानाचा अख्खा रस्ता भांडण. रात्रभर खाली मांडी घालून, पाठ गोल करून बसणं चालायचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण तिकिटातला फरक तुम्ही मला घरी पोचेपर्यंत ऐकवलात. मध्यंतरात तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरून टाचा वर-खाली करू लागलात. त्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ होते. ते दर वेळी खुर्चीसकट हलत होते आणि मागे वळून बघत होते. मी शरमेने मान खाली घातली. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत की हाडांसाठी आहे, तुम्ही पण करा. ते खरोखर उठले आणि करू लागले, बाई. मग त्यांची बायको. नाटकाचा पडदा वर गेला तेव्हा आपल्या मागच्या रांगेतून शिव्या येत होत्या.

आणि मग फेब्रुवारी.

तुमचं हाड मोडलं असतं तर मला तुमच्याशी भांडता आलं असतं. तुम्ही चोरून जड पिशवी उचललीत म्हणून, मागच्या बाकावर बसलात म्हणून, माझं ऐकलं नाहीत म्हणून. मी ती भांडणं मनात तयार करून ठेवली होती. तुम्ही गेलात हृदय बंद पडून. त्याबद्दल आपण कधी एक शब्दही भांडलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, हाडांचा काही संबंध नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही खाटेच्या कडेवर बसलेल्या होतात. पाय खाली जमिनीला टेकलेले, एक हात बाजूला रेटलेला, पाठ सरळ. कुशीवर वळून, बरोबर जसं शिकवलं तसं बसल्या होतात. उशाकडच्या भिंतीला टेकलेलं डोकं पाहून मला वाटलं तुम्ही व्यायाम करताय. मी कप ठेवून म्हटलंसुद्धा की आधी चहा तरी घ्या.

इतकं सगळं नीट करून कोणी असं जातं का? निदान एखादी गोष्ट तरी चुकायची होती. मी कोणाला बोलू आता?

तेरवीला पंगती उठल्यावर ओसरीत हे, यमुनाबाई आणि मी बसलो होतो. तुमची काठी दाराला टेकवलेली होती. मला कोण जाणे काय झालं, मी त्या दोघांसमोर पैजेचा विषय काढला. म्हटलं, काठीने उठल्या, म्हणजे हरल्या. मग हे बोलले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"म्हैस-बिस काई नोती. मी पाहून राह्यलो होतो. काठी कोनं धरली? वहिनींनीच न. जोर बी त्यायचाच."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? म्हणाले, मला दोघींच्या हातचं जेवायचं होतं. आणि पुढे म्हणाले की तुम्ही रोज एका पायावर उभ्या राहायच्या तेव्हा तुम्हाला पाहून तेही गोठ्यात उभे राहायचे. यमुनाबाई पदराआड हसली.

मला हा निकाल मान्य नाही. दोन्ही हातांनी पकडलेली काठी म्हणजे आधार, आणि आधार म्हणजे हात, हे मी तुम्हाला पुन्हा भेटले तरी सांगेन. पण साक्षीदार आपणच नेमला होता, आणि साक्षीदाराचं बोलणं फिरवता येत नाही. शिवाय जुलैत रोवणा येणार, आणि आता या घरची मोठी सून मी आहे. काल सकाळी कोणी घरात नसताना मी ओट्यापाशी एक गुडघा टेकून पाहिला. खाली गेले. वर येताना ओट्याची कड दोन्ही हातांनी ओढावी लागली. मनगट दुखलं, तेच.

म्हणून आज ब्रह्मपुरीला गेले. जीपमध्ये पुढची जागा मिळाली. मॅडमनी तुमच्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग मनगटाचं विचारलं, पाळी कधी गेली ते विचारलं, तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. मग समोरची खुर्ची दाखवून म्हणाली, हात न टेकता उठा.

मी उठायला गेले. पुन्हा गेले. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, खुर्ची बुटकी आहे.

फी तीनशे होती. तिने दोनशे परत द्यायला काढले. मी सांगितलं की रक्कम पाचशेच ठरली होती, उरलेले पुढच्या खेपेला धरा. पाचशे रुपये मॅडमना दिले, पावती माझ्या नावाची.